वांगणीचा चढ आणि आमची जिप्सी

वांगणी म्हटलं की मुंबईच्या माणसाला बदलापूर आणि शेलूच्या मधलं लोकलचं स्टेशन आठवतं. आमच्याकडची लग्नाची निमंत्रणं, मनीऑर्डरी आणि एकदा तर चक्क पाहुणेच तिकडे जाऊन पोचले होते. आमची वांगणी ती नव्हे. ती जव्हार तालुक्यातली. पूर्वी ठाणे जिल्ह्यात होती, 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहे. ‘वावर-वांगणी’ असं दोन्ही गावांचं नाव एका दमात घेतलं, की मात्र जुन्या वाचकांना काहीतरी आठवेल. 1992-93 साली कुपोषणानं झालेल्या बालमृत्यूंमुळे हे नाव महाराष्ट्रभर गेलं. त्या मुलांत माझ्या चुलतभावाचा दीड वर्षाचा मुलगा होता. त्याबद्दल याहून अधिक आज लिहिणार नाही, कारण आजचा विषय मोटारगाडी हा आहे. पण ती गाडी आमच्या दारात का आली हे सांगायचं, तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि जव्हारला हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. आई-वडील गावीच राहत. बातम्या छापून आल्या आणि ज्या गावाला एस.टी.सुद्धा धड पोचत नव्हती तिथं गाड्यांची रीघ लागली. साहेबांच्या पांढऱ्या अँबॅसिडर, पत्रकारांच्या भाड्याच्या मोटारी, जुन्यापान्या जीप. आमच्या पाड्याच्या अलीकडे एक ओहोळ आहे आणि ओहोळ ओलांडला की लाल मातीचा उभा चढ. अँबॅसिडर ओहोळाशीच थांबल्या. एका जीपनं धाडस केलं, ती निम्म्या चढावर जाऊन आडवी झाली. मग मागून एक बुटकी, पांढरी, ताडपत्रीच्या हुडाची गाडी आली. ड्रायव्हर खाली उतरला, पुढच्या एकेका चाकापाशी ओणवा झाला, मधोमध काहीतरी पिळल्यासारखं केलं, परत बसला आणि शेळी टेकाडावर चढावी तशी ती गाडी त्या चढावरून निघून गेली. घाई नाही, गोंगाट नाही. चारही चाकं आपापल्या जागी चिखल चावत होती.

ती मारुती जिप्सी होती. ज्या कारणानं ती गावात आली होती ते कारण माझ्याच घरातलं होतं, आणि माझे डोळे मात्र तिच्या चाकांवर होते. त्याची लाज मला अजून वाटते. पण खरं ते खरं.

जिप्सीचं मूळ जपानचं. सुझुकी कंपनीनं 1970 साली ‘जिम्नी’ नावाची एक चिमुकली जीप काढली. तिच्याच वंशातली, थोडी लांब केलेली गाडी मारुती उद्योगानं डिसेंबर 1985 मध्ये ‘जिप्सी’ म्हणून भारतात आणली. म्हणजे मारुती 800 नंतर अवघ्या दोन वर्षांनी. तोवर आपल्याकडे खाचखळग्यांची गाडी म्हणजे महिंद्रची जीप. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपची ही भारतीय आवृत्ती 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत जोडली जात होती. जीप दणकट होती, पण जडही होती. जिप्सी जेमतेम टनभर वजनाची. इंजिन 970 सीसीचं, पेट्रोलवर चालणारं, 45 अश्वशक्तीचं. आजच्या साध्या मोटारीची शक्तीही याहून बरीच जास्त असते. पण चिखलात शक्तीपेक्षा वजन आडवं येतं. म्हैस रुतते तिथून शेळी निघून जाते, हे आमच्याकडच्या पोरालाही ठाऊक असतं.

या हलकेपणामुळेच तिला खेळातही मान मिळाला. चारही चाकांनी ओढणारी छोटी गाडी ही शेतातली किंवा लष्करातलीच असते, ही समजूत जगात मोडली ती 1980 साली आलेल्या ऑडी क्वाट्रोनं. तोपर्यंत रॅलीच्या शर्यतींत दोन चाकांनी ओढणाऱ्या मोटारी असत. क्वाट्रो आली आणि बर्फ, चिखल, सैल खडी या सगळ्याचं गणितच बदललं. 1981 साली इटलीतल्या सानरेमोची रॅली मिशेल मूतों या फ्रेंच बाईंनी क्वाट्रो चालवून जिंकली. जागतिक रॅली स्पर्धेची एखादी फेरी जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला. (हे मी दरवर्षी दहावीच्या वर्गात सांगत असे, आणि दरवर्षी मुलांपेक्षा मुलीच जास्त प्रश्न विचारत.) आपल्याकडे क्वाट्रो कुठली परवडायला! इथल्या शौकिनांनी ती हौस जिप्सीवर भागवली. हिमालयातल्या शर्यती असोत की राजस्थानच्या वाळवंटातल्या, वर्षानुवर्षं सुरुवातीच्या रेषेवर जिप्सींचीच गर्दी असे. आमच्यापासून त्र्यंबकच्या वाटेनं गेलं की नाशिक. तिथंही रॅली भरत आल्या आहेत. तिथला धुरळा खायला मी दोनदा गेलो आहे.

1999 साली, भविष्य निर्वाह निधीतून कर्ज काढून, मी नाशिकच्या एका गृहस्थांकडून 1994 ची जिप्सी घेतली. रुंद चाकांच्या बांधणीची. 1993 पासून कंपनीनं डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर वाढवलं होतं, त्यामुळे ती आधीच्या जिप्सीपेक्षा वळणावर जरा कमी झुकत असे. घरी आणली तेव्हा सौ. दारातच उभी होती. तिनं गाडीकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “अहो, हिला मागचे दरवाजे कुठायत?” मागे समोरासमोर दोन बाकं होती आणि चढायचं ते शेपटाकडून. साडी नेसून त्या बाकावर चढणं म्हणजे काय असतं हे मला पुढं वीस वर्षं ऐकावं लागलं. गाडीचं नाव घरात ‘सवत’ पडलं. पेट्रोल लिटरला नऊ-दहा किलोमीटर, पाटे इतके ताठ की जव्हार ते मोखाडा जाईपर्यंत डब्यातल्या दह्याचं ताक व्हावं, आणि पावसाळ्यात हुडाच्या शिवणीतून नेमकं चालवणाऱ्याच्या मांडीवर पाणी.

आम्ही सगळ्यांना सांगत असू की आई-वडिलांसाठी गाडी घेतली, गावी जायला लागते म्हणून घेतली. ते खोटं नव्हतं. पण पहाटे मोखाड्याच्या रस्त्याला एकटाच वळणं घेत निघालो, की मला जे वाटे त्याचा आई-वडिलांशी काही संबंध नव्हता. उंच, अरुंद आणि छोट्या अंगाची ती गाडी. वेगात वळली तर उलटायची भीती, म्हणून वेग वळणाआधीच मोडायचा आणि वळण संपता संपता पुन्हा उचलायचा. हे जमलं की चालवणाऱ्याला आपण काहीतरी केलं असं वाटतं. हल्लीच्या गाड्या हे सगळं स्वतःच करून टाकतात.

आता थोडं शास्त्र सांगतो. मास्तराची सवय आहे. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही चाकं एकाच दांड्याला पक्की बसवली तर एक घासत जाईल. म्हणून मध्ये डिफरन्शियल नावाची दातेरी चाकांची पेटी असते. ती दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देते, पण जोर मात्र सारखाच वाटते. बैलगाडीचं जू डोळ्यांसमोर आणा. जू मध्यावर बांधलेलं आहे आणि दोन टोकांना दोन बैल. एक पुढे, एक जरा मागे, चालतं. पण एक बैल जुवातून सुटला, तर दुसरा कितीही तगडा असो, त्याला गाडी ओढता येत नाही. जू नुसतं फिरतं. मोटारीचं एक चाक चिखलात मोकळं फिरू लागलं की त्याच आसावरचं दुसरं, कोरड्या जागेवरचं चाकही थंड बसतं, ते याच कारणानं.

जिप्सीला अशी दोन जुवं आहेत, एक मागे, एक पुढे. एरवी फक्त मागचं जुंपलेलं असतं. एक छोटा दांडा ओढला की पुढचंही जुंपलं जातं आणि आणखी खाली घेतला की सगळंच सावकाश पण दुप्पट नेटानं फिरू लागतं. शिवाय माझ्या गाडीच्या पुढच्या चाकांच्या मध्यभागी हातानं फिरवायचे हब होते. ‘फ्री’वर ठेवले की पुढची चाकं नुसती घरंगळतात आणि आतली यंत्रणा विश्रांती घेते. ‘लॉक’ केले की ती चाकं यंत्रणेला जोडली जातात. 1993 साली त्या ड्रायव्हरनं ओणवं होऊन पिळलं होतं ते हेच.

क्वाट्रोसारख्या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या आसांच्या मध्ये तिसरी डिफरन्शियल असते, म्हणून त्यांची चारही चाकं डांबरी रस्त्यावरही कायम ओढत राहू शकतात. जिप्सीत ती नाही. कोरड्या डांबरावर चारही चाकं जोडून वळलात तर पुढची आणि मागची जुवं एकमेकांशी भांडू लागतात, सगळ्या दांड्यांना पीळ बसतो आणि तो छोटा दांडा जागचा हलेनासा होतो. नवे हौशी लोक मग त्यावर लाथ मारतात. लाथ मारू नये. गाडी चार पावलं मागे घ्यावी, पीळ सुटतो. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत, तेही यासाठीच. पैसे वाचवायला पुढे दोन नवे आणि मागे दोन गुळगुळीत टायर घालणं ही या गाडीच्या बाबतीत महागात पडणारी काटकसर आहे.

पहिल्या पाच-सहा वर्षांत मला वाटायचं, गाडी घेतली म्हणजे झालं. सर्व्हिसिंग म्हणजे इंजिनाचं ऑइल बदलणं आणि गाडी धुणं. जव्हारचे आमचे मिस्त्री मला सांगून थकले. “सर, ही मोटार नाही, ही बैलजोडी आहे. हिचं रोज काहीतरी बघायला लागतं.” मी हो हो म्हणे. दर पावसाळ्याआधी हब उघडून, जुनं ग्रीस पुसून, नवं भरायचं असतं. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा ते फिरवून, थोडं अंतर चालवून, पुन्हा मोकळे करायचे असतात, नाहीतर आत धूळ आणि गंज धरून ते जाम होतात. हे मला माहीत होतं. विज्ञान शिकवणाऱ्याला गंज माहीत नसायला काय झालं?

2006 चा जुलै. शनिवारची दुपारची शाळा सुटल्यावर मी गावी गेलो होतो. वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते, आई एकटी होती. तीन दिवसांची संततधार. रात्री दहाच्या सुमारास शेजारच्या घरातून बोलावणं आलं. त्यांच्या सुनेला सकाळपासून कळा येत होत्या, पहिलटकरीण, आणि सुईणीनं हात टेकले होते. आमच्याकडे अशा वेळी बाईला झोळीत घालून, बांबूला बांधून, चौघांनी खांद्यावर रस्त्यापर्यंत न्यायची रीत. सासरा दारात येऊन एवढंच म्हणाला, “गुरुजी, गाडी हाय ना?”

होती. त्या क्षणी मला वाटलं, याचसाठी तर घेतली. सुनेला मागच्या बाकांमधल्या फळीवर गोधड्या घालून निजवलं, सासू आणि सुईण दोन्ही बाजूंना बसल्या. पाड्यातून ओहोळाकडे जायचं तर तोच चढ आता उताराला लागतो आणि ओहोळापलीकडे दुसरा चढ आहे, लहान पण अधिक उभा. ओहोळाच्या काठी उतरलो, कंदिलाच्या उजेडात उजवा हब फिरवला. जरा कुरकुरला, पण ‘लॉक’ला बसला. डाव्याला हात घातला. हलेना. चिंध्या घेऊन धरला. पान्ह्यानं ठोकला. त्याचं टोपण दगडासारखं बसलं होतं. गेला पावसाळा संपल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता.

शेजारच्यांना यातलं काही कळायचं कारण नव्हतं. मला कळत होतं. पुढच्या जुवाचा डावा बैल सुटलेला होता. आता दांडा कितीही ओढला तरी पुढची दोन्ही चाकं मेलेलीच. चार चाकांची म्हणून मिरवलेली गाडी नेमकी त्या रात्री दोन चाकांची झाली होती. तरी ओहोळातून काढली. पलीकडच्या चढावर मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली आणि गाडी हळूहळू एका कडेला सरकली. आतून सुनेचा आवाज येत होता. तो आवाज आणि मागच्या चाकांचा आवाज, दोन्ही अजून आठवतात.

मग जे व्हायचं तेच झालं. पाड्यावरून माणसं बोलावली. सुनेला झोळीत घालून चढ पार केला. दहा-बारा जणांनी दोर लावून, चाकांखाली सागाच्या फांद्या आणि दगड घालून गाडी वर ओढली. माणसांनी गाडीला वाहून नेलं म्हणायला हरकत नाही. तासाहून जास्त वेळ गेला. वर गेल्यावर पुन्हा तिला गाडीत घातलं आणि जव्हारला सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. पहाटे मुलगा झाला. बाळ-बाळंतीण दोघं वाचली.

सासरा दवाखान्याच्या पायरीवर तंबाखू मळत बसला होता. मी शेजारी जाऊन बसलो. मला वाटलं तो आभार मानेल आणि मी नको नको म्हणेन. तो म्हणाला, “गुरुजी, चाकं चार हायत. मंग वढतात किती?”

मी त्याला खरं सांगितलं. हब, ग्रीस, गंज, सगळं. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, “नांगर बी पावसाआधीच बघायचा असतो.” आणि उठून आत गेला.

त्यानंतर मी मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये रविवारी जाऊन बसू लागलो. मदतनीस म्हणून; पगार नाही, उलट चहा माझा. दीड-दोन वर्षांत जे शिकलो ते बी.एस्सी.ला कुणी शिकवलं नव्हतं. ओहोळातून गाडी काढली की घरी येऊन झोपायचं नाही, ही पहिली गोष्ट. चालून तापलेलं आसाचं हाऊजिंग थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि श्वास घेतल्यासारखं ते बाहेरचं पाणी आत ओढून घेतं. दुसऱ्या दिवशी तळाचा नट थोडा सैल करून बघायचं. ऑइल काळं किंवा मधासारखं आलं तर ठीक. चहात दूध घातल्यासारखं आलं तर आत पाणी गेलं, लगेच बदलायचं. त्यावर उपाय सोपा आहे. हाऊजिंगच्या श्वासनळीला रबरी नळी जोडून तिचं तोंड बॉनेटखाली उंच नेऊन बांधायचं. माझा खर्च तेव्हा साठ रुपये आला होता. क्राउन-पिनियन खराब झाली असती तर महिन्याचा पगार गेला असता.

पुढच्या चाकांमागे वाटीसारखे गोल गोळे असतात, त्यांच्यात वर-खाली किंगपिनची बेअरिंग. ती सैल झाली की ताशी पन्नास-साठच्या वेगात एखादा खड्डा लागला, की स्टिअरिंग हातात थरथर कापू लागतं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं भूकंप झाला. लोक चाकांचं बॅलन्सिंग करून घेतात, टायर बदलतात, देवाला नारळ वाढवतात. आधी तो गोळा बघावा. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसांना ग्रीसचे निप्पल असतात. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ग्रीस गन लावायची, जुनं ग्रीस पाण्यासकट बाहेर येईपर्यंत. पाट्यांचे यू-बोल्ट महिन्याला आवळायचे. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणावर प्लॅस्टिकची पिशवी बांधायची, तिला खालून वारा लागेल एवढी फट ठेवून, नाहीतर आतच दमट होतं. आणि पाण्यातून बाहेर आलं की पुढचे शंभर पावलं ब्रेकवर हलका पाय ठेवून चालायचं, म्हणजे मागचे ड्रम कोरडे होतात. हा शेवटचा धडा मी एका म्हशीच्या अगदी जवळ जाऊन शिकलो. म्हैस हलली नाही, हे तिचे उपकार.

गंजाशी मात्र तह होत नाही. आमच्याकडचा पाऊस चार महिने पत्र्याखाली मुक्काम ठोकतो. पायाखालच्या रबरी चटया उचलून पत्रा वाळवायचा, उन्हाळ्यात गाडीच्या पोटाला जळकं ऑइल फासायचं. सौ.ला त्या वासानं मळमळे. तरीही 2011 साली एक दिवस ती ड्रायव्हरशेजारी बसली असताना तिच्या टाचेखालचा पत्रा गेला आणि तिला रस्ता दिसू लागला. “आता हिला खिडकी तरी झाली,” ती म्हणाली.

पंधरा वर्षांनी, 2009 साली, गाडीची फेरनोंदणी केली. ती पाच वर्षांपुरती असते. मग 2014, 2019, 2024. दर वेळी तपासणी, पर्यावरण कर, आणि फी. खासगी मोटारीच्या फेरनोंदणीची फी 2022 पर्यंत सहाशे रुपये होती, ती पाच हजार झाली. आता नवाच प्रश्न पेट्रोलचा. पंपावर येणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. नव्या गाड्या त्या हिशेबानं बनवलेल्या असतात. तीस वर्षांपूर्वीच्या कार्ब्युरेटरच्या गाडीतले रबरी पडदे आणि नळ्या नसतात. इथेनॉल त्यांना फुगवतं, कडक करतं, शिवाय हवेतलं पाणी शोषून टाकीत नेतं. यावर माझ्यापुरता तोडगा असा : पेट्रोलच्या सगळ्या नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घातल्या, कार्ब्युरेटरचा रबरी संच बदलला, फिल्टर दर तीन महिन्यांनी बदलतो आणि गाडी आठवडाभरापेक्षा जास्त उभी राहू देत नाही. पाचशे रुपयांच्या नळ्यांपायी गाडीला आग लागलेली परवडत नाही.

जिप्सी स्वतः बदलत गेली. 1996 साली तिला 1300 सीसीचं इंजिन मिळालं आणि ती ‘किंग’ झाली, 2000 साली कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, शक्ती 80 वर गेली. पण मूळचा सांगाडा, ताठ पाटे, आखूड बाकं तशीच. नव्या सुरक्षा नियमांपुढे 2019 साली तिचं उत्पादन थांबलं. जून 2023 मध्ये तिचीच वारस जिम्नी, पाच दरवाज्यांची होऊन, आपल्याकडे विकायला आली. मी एकदा चालवून पाहिली. दीड लिटरचं इंजिन, कॉइल स्प्रिंगा, हवाबंद खिडक्या, आणि चाक मोकळं फिरू लागलं की ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडे वळवणारी यंत्रणा. म्हणजे सुटलेल्या बैलाला कुणीतरी कानाला धरून परत जुवाखाली आणतं. सौ.नं मागचा दरवाजा उघडून आत बसून पाहिलं, बंद करून पुन्हा उघडला. काही बोलली नाही. निवृत्तीच्या पैशांत ती बसत नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मग ही म्हातारी कशाला सांभाळायची, असं मुलगा विचारतो. प्रश्न रास्त आहे. ओहोळावर फरशी झाली, चढावर डांबर पडलं. ते दर पावसाळ्यात थोडं वाहून जातं, पण मोटारसायकली चढतात. 2014 पासून 108 नंबरची रुग्णवाहिका आहे. फोनला रेंज मिळाली तर येते. आई 2017 साली गेली. ज्या कारणांसाठी गाडी घेतली असं मी लोकांना सांगत होतो, ती एकेक करून संपली आहेत. त्यामुळे खरं कारण आता लपवता येत नाही. तरी गेल्या पावसाळ्यातही दोनदा रात्री दार वाजलं. एकदा सर्पदंश होता, एकदा फरशीवरून पाणी चाललेलं आणि रुग्णवाहिका पलीकडे थांबलेली. दोन्ही वेळा हब फिरले.

त्या जुलैत जन्मलेला मुलगा आता जव्हारला आयटीआयला मोटार मेकॅनिकचा कोर्स करतो. त्याचा आजोबा वारला, पण ती गोष्ट घरात राहिली आहे. पोरानं ती माझ्या तोंडून ऐकलेली नाही. मे महिन्याच्या एका रविवारी तो येतो, अंगणात बारदान पसरतो, आणि आम्ही दोघं गाडीखाली शिरतो. माझे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून यंदा मी पाटावर बसून फक्त पान्हे देत होतो. त्यानं उजवा हब उघडला, पुसला, ग्रीस भरलं, बंद केला, दोन-तीनदा फिरवून पाहिला. कट्, कट्. मग डाव्याकडे गेला. तो मी गेल्या महिन्यातच केला होता, म्हणून मी त्याला म्हटलं, त्याला नको हात लावू, चांगला आहे.

त्यानं तरी फिरवून पाहिला.

“सर, जरा जड जातोय.”

“मग खोल,” मी म्हटलं आणि बारा नंबरचा पान्हा त्याच्याकडे सरकवला.